विंगेतल्या चिंता

नीलाबाईच्या बांधीत कापणीचा तिसरा दिवस होता. अकरा बाया ओळीनं वाकून धान कापत होत्या. वर ढग भरून आले होते आणि कापलेल्या धानाच्या कडपा अजून ओल्याच पडल्या होत्या. कलाबाई पुराम मधेच सरळ झाली, इळा कमरेला खोचला आणि शेताच्या कडेच्या धुऱ्याकडे निघाली.

"आता कुठी?" नीलाबाईनं विचारलं.

"फोन लावून येते बाई. टाकीजवळ रेंज येते."

"सकाळीच तं लावून आली."

"उचलला नाई तिनं. सकाळी आंग कोमट लागत होतं तिचं."

"कॉलेजात बसली असन पोरगी. कशी उचलन?" नीलाबाई बोलायला वाईट नव्हती. पण ढगाकडे पाहून तिचा जीव कासावीस झाला होता. "हे पाह्य कलाबाई, उद्यापासून तू नको येऊ. पाणी आलं तं माहं धान बांधीतच उगवन. मले हात पाह्यजे. तुही चिंता घेऊन मी काय करू?"

बायांपैकी कोणी मान वर केली नाही. शेजारच्या दोघी थोड्या सरकल्या आणि कलाबाईची जागा बुजून गेली. ती तशीच टाकीपर्यंत गेली. करिश्माचा फोन बंद होता.

चार वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिचा मुलगा सुनिल गेला. नऊ वर्षांचा होता. सकाळी पाय दुखते म्हणाला, तेव्हा कलाबाई रोवायचे परे खांद्यावर टाकून निघाली होती. "खेळून आला असशील," असं म्हणून ती गेली. संध्याकाळी आली तर पोरगा कण्हत होता आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. दवाखान्यात सिकलसेल निघालं. मग करिश्माचंही रक्त तपासलं. तिचंही तेच निघालं. सुनिलला गावाबाहेर साजाच्या झाडाखाली मातीत ठेवलं, आणि त्या दिवसापासून कलाबाईनं करिश्मावरची नजर काढली नाही.

सकाळी उठल्याबरोबर कपाळाला हात. मग खालची पापणी ओढून डोळ्यांचा रंग. पाणी किती प्याली, लघवी कशी झाली, बोटं सुजली का. पोरगी झोपली तरी ती छातीचं वरखाली होणं पाहत बसायची. करिश्मा आता सतरा वर्षांची होती आणि कुरखेड्याच्या कॉलेजात अकरावीला जात होती.

दुसऱ्या दिवशी हाताला काम नव्हतं. कलाबाई दहाच्या एसटीनं कुरखेड्याला गेली. आशाताईकडून मागून घेतलेलं थर्मामीटर तिनं पदराच्या गाठीत बांधलं होतं. कॉलेजच्या मागच्या बाजूनं जाऊन ती वर्गाच्या खिडकीशी उभी राहिली. शिकवता शिकवता सर थांबले.

"काय काम आहे बाई?"

"काई नाई. पाहून राह्यली."

पोरं हसली. करिश्मा तिसऱ्या बाकावर होती. तिनं वही मिटली, दप्तर उचललं आणि कोणाकडे न पाहता बाहेर आली. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर अंगणात चपला काढताना मात्र बोलली, आणि आवाज चढवूनही नाही.

"आई, तू असं पाह्यतं माह्याकडं, तवा मले वाटते मी मेलीच आहो. तू फक्त खात्री करून राह्यली."

बाप, कोलू, गोठ्यात बैलांना तणस टाकत होता. त्यानं ऐकलं. तणसाची पेंडी हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग पुन्हा टाकायला लागला.

त्या आठवड्यात गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, होती. वडशाची नाटक कंपनी आली. नटांची सोय गावकऱ्यांच्या घरी करायची रीत होती. गावच्या मंडळाचा हरिदास दोनदा येऊन सांगून गेला, आणि आईचं काम करणारी तबस्सुमबाई कलाबाईच्या घरी उतरली. अहेरीची होती. तिथं तिचा भाऊ अकरम शिलाईचं दुकान चालवायचा. पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली, आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षं रंग लावून लावून कातडी खरबरीत झालेली. रात्रीचं नाटक आटोपून ती पहाटे येऊन झोपली ती दुपारीच उठली. कंपनीच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, त्यामुळे त्या दिवशी निघणं नव्हतं.

रविवार होता. करिश्मा आत आडवी झाली होती. पडवीत बसून भात आणि वालाची भाजी खाता खाता तबस्सुमबाईनं पाहिलं की कलाबाई चार वेळा आत गेली, पोरीच्या कपाळाला हात लावून चार वेळा बाहेर आली.

"ताप आहे का पोरीले?"

"नाई."

"मंग?"

"येईन म्हून पाह्यते."

तबस्सुमबाईनं हात धुतला. पुढं काही विचारलं नाही. कलाबाईच बोलायला लागली. सुनिलचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, पोरगी काय बोलली तेही सांगितलं. एका अनोळखी बाईपुढं हे सगळं कसं निघालं ते तिलाच कळलं नाही.

"माही पोरगी रूही भावाकडे राह्यते," तबस्सुमबाई म्हणाली. "तिले दमा आहे. हिवाळ्यात जोर करते. अन् हिवाळा म्हणजे आमचा सीझन. मी इथी तोंडाले रंग लावून उभी, अन् कानात तिचा श्वास. एका गावात स्टेजवर संवादच विसरली. समोर हजार माणूस, अन् मी खांबासारखी उभी. त्या दिवशी कंपनीत दादाजी म्हून एक बुढे नट होते, त्यायनं मले एक गोष्ट शिकवली. चला, दाखवते. इथी बसून नाई समजत."

चार वाजता दोघी मंडपात गेल्या. पोरं दोऱ्या सोडत होती. पडदे खाली आले होते, पण बाजूच्या निळ्या कापडाच्या पट्ट्या अजून टांगलेल्या होत्या. तबस्सुमबाईनं कलाबाईला दंडाला धरून त्यातल्या एका पट्टीच्या मागं उभं केलं.

"याले विंग म्हणतात. समोरून कोणाले दिसता का तुमी?"

"नाई."

"पन आहा न इथीच?"

"आहो."

"नाटकात बारा माणसं असतात बाई. सारेच संग आत घुसले तं नाटक होते का? ज्याची एंट्री तोच जाते. बाकीचे इथी थांबतात. मरत नाईत, पळून जात नाईत. थांबतात." तिनं खाली सतरंजीवर बैठक मारली. "चिंता आली का तिले हाकलू नोका. हाकलली का आत घुसते. तिले म्हणा, पाह्यलं मी तुले. तुही एंट्री संध्याकाळी आहे. तवरक विंगेत थांब."

"अन् आयकलं नाई तं?"

"पयले दिवस नाईच आयकत. शंभर डाव येते. शंभर डाव तेच सांगा. पन एक गोष्ट पक्की. संध्याकाळी बोलावतो म्हटलं तं बोलावाच. एक जागा धरा, एक टाइम धरा. अन् नाव घेऊन बोलवा. नुसती 'पोरीची चिंता' असं नाई चालत, एवढी मोठी बाई स्टेजवर मावत नाई. गाडीत चक्कर आली तं, ही एक. औषध सरलं तं, ही दुसरी. औषधाची असन तं उठा, डबी पाहा. जिचं काईच करता येत नाई, तिचं आयका. पुरं आयका. मंग म्हणा, जा आता. तिले फसवलं तं रातभर दार ठोकते."

कलाबाई निळ्या कापडाला हात लावून उभी होती. तिनं विचारलं, "यानं पोरगी बरी होते का?"

"नाई," तबस्सुमबाई लगेच म्हणाली. "हे आजारासाठी नाईच. पोरीले आई भेटावी म्हून आहे."

सकाळी कंपनीची गाडी गेली. कलाबाईनं दिवेलागणीच्या आधीची वेळ धरली आणि घरामागच्या सांदवाडीतल्या पालथ्या उखळाची जागा धरली. पहिल्या दिवशी तिला काही जमलं नाही. करिश्मा एसटीत चढल्यापासून चिंता येत राहिली, आणि ही तोंडातल्या तोंडात थांब, थांब म्हणत अंगण झाडत राहिली. तेच अंगण तिनं तीनदा झाडलं. संध्याकाळी उखळावर बसली तर एकही चिंता धड सांगता येईना, सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. बैलांना पाणी पाजून कोलू तिकडून गेला.

"इथी काऊन बसली?"

"चिंता करून राह्यली."

कोलूनं थोडा विचार केला. "मंग कर," म्हणाला आणि गेला.

आठवड्याभरात तिला त्यांची नावं लागायला लागली. थंडीत सांधे धरले तर. पुलावर गाडी बंद पडली तर. लग्नाचं कोण विचारील. मी आधी मेले तर. औषधाच्या चिंतेला ती उठून डबी पाहून यायची आणि गोळ्या सरायच्या आधीच उपकेंद्रातून आणून ठेवायची. सुनिलच्या वेळेसारखं झालं तर, ही सगळ्यात शेवटी यायची आणि खूप वेळ बसायची. तिचं काही करता येत नव्हतं. कलाबाई ऐकायची. ऐकताना पाठीत कळ यायची, डोळ्यांतून पाणी यायचं. मग ती म्हणायची, जा आता. आणि चूल पेटवायला आत जायची.

सकाळी कपाळाला हात लावायचा नाही, हे सगळ्यात कठीण होतं. हात आपोआप उठायचा. मग तिनं त्या हाताला काम दिलं. ती तेल घेऊन बसायची आणि करिश्माची वेणी घालायची. पहिले दोन दिवस करिश्मानं अंग चोरून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आज पाह्यलं नाई तू डोळ्याचं?"

"नाई. काई होत असन तं तू सांगशीन न?"

"सांगीन," करिश्मा म्हणाली.

पोरगी बोलायला लागली. आधी थोडं, मग थांबेना. जिशान नावाचा एक पोरगा वर्गात मास्तरांची नक्कल कशी करतो ते सांगायची. मोठी झाल्यावर रक्त तपासायचं शिकायचं म्हणायची, सुई अशी टोचायची की समोरच्याला दुखणार नाही. चुलीपुढं बसून ती तबस्सुमबाईसारखा पदर डोळ्याला लावून रडून दाखवायची, आणि कोलू तोंडात घास धरून हसायचा. नीलाबाईनं मळणीला पुन्हा बोलावणं पाठवलं. कलाबाई गेली, आणि दिवसभर तिनं फोन काढला नाही.

जानेवारीत करिश्माचे गुडघे धरले. तिनं स्वतःच सांगितलं. गडचिरोलीला पाच दिवस दवाखान्यात राहिली आणि बरी होऊन आली. त्या पाच दिवसांतही कलाबाई संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायची आणि तेवढा वेळ झाला की उठून वर जायची.

चैत्रात मोहफुलं पडायला लागली. पहाटे टोपली घेऊन निघताना करिश्मा मागं लागली.

"तू दमशीन."

"दमली तं बसीन."

ती खरंच दमली की बसली. मोहाच्या बुडाशी पाय पसरून बसायची आणि हाताच्या अंतरावरची फुलं वेचायची. पानगळीनं जंगल उघडं पडलं होतं. खाली सारवल्यासारखी फुलं पसरलेली असायची आणि सगळीकडे त्यांचा गोड, जड वास. बारा-पंधरा दिवस दोघींनी एका झाडाखाली वेचलं. कलाबाई फुलांकडे पाहायची, मधेच पोरीकडे पाहायची, आणि तिला पोरगी दिसायची. नाक बापाचं, कपाळावर कांजिण्यांचा व्रण, हसताना वर उचललेला एक ओठ. चार वर्षांत हे आपण पाहिलंच नव्हतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

आषाढात रोवणी आली. त्या दिवशी सकाळी वेणी घालताना करिश्मा थोडी खोकली.

"काय झालं?"

"काई नाई. थंडी वाटून राह्यली पावसाची. जा तू."

"छातीत?"

"नाई म्हटलं न आई. आज कॉलेजले नाई जात, घरीच राह्यते. जा तू."

कलाबाई गेली. बांधीत गुडघाभर चिखलात वाकल्यावर चिंता आली. तिनं तिला म्हटलं, थांब. पुन्हा आली. पुन्हा म्हटलं, थांब, संध्याकाळी. दुपारी धुऱ्यावरून शेजारची रुखमा धावत आली. करिश्माला श्वास घेता येत नव्हता.

कोलूनं तिला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत नेलं. जीप मिळाली. नाल्यावरून पाणी वाहत होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. जीपमध्ये करिश्माचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि कलाबाईच्या पायांचा चिखल तिच्या ओढणीला लागला होता. गडचिरोलीला नाकाला नळी लावली, रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. ती म्हणाली, छातीत झालं आहे, या आजारात हे असंच अचानक येतं. आम्ही करतोय.

दुसऱ्या दिवशी करिश्माला थोडं बरं वाटलं. कलाबाई दुसरीकडे पाहत होती, नळीकडे, सलाईनच्या थेंबांकडे.

"आई," करिश्मा म्हणाली. "इकडं पाह्य."

"पाह्यलं तं तुले राग येते."

"आता नाई येत. पाह्य."

कलाबाईनं पाहिलं. दोघी तशाच राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास करिश्मा गेली.

तिला सुनिलच्या शेजारी, साजाखाली ठेवलं. माती ओली होती, फावड्याला चिकटत होती. कोलू आणि भावकीतल्या लोकांनी दगड रचले. रोवणी अर्धी राहिली होती, ती नंतर नीलाबाईनं बाया पाठवून उरकून दिली.

दिवस झाले, आणि एका संध्याकाळी कलाबाई सवयीनं उखळावर जाऊन बसली. ती वाट पाहत राहिली. कोणी आलं नाही. औषधाची चिंता नव्हती, गाडीची नव्हती, लग्नाची नव्हती. विंग रिकामी होती. एवढी रिकामी की तिला कानात सुं असा आवाज यायला लागला. ती उठून आत गेली आणि पुन्हा कधी तिथं बसली नाही. त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. खायला वाढलं तर दोन घास खायची. रात्रंदिवस तिच्या मनात बांधीतला तो एक क्षण घोळत होता. चिंता दोनदा आली होती. आपण तिला दोनदा थांबवलं.

दिवाळी झाली. पलीकडच्या गावात मंडई होती आणि तीच कंपनी आली होती. कळल्यावर दुपारी कोणाला न सांगता कलाबाई निघाली. अडीच कोस जंगलातली वाट. तबस्सुमबाई एका घराच्या पडवीत साडीला टाके घालत होती. हिला ओळखून ती हसली, आणि मग हिचा चेहरा पाहून हसू तिथंच राहिलं.

"तुह्या विद्येनं माही पोर गेली," कलाबाई म्हणाली.

तबस्सुमबाईनं सुई खाली ठेवली.

"चिंता मले सांगाले आली होती. दोन डाव आली. मी म्हटलं थांब. तू शिकवलं होतं म्हून म्हटलं. पयलेसारखी असती तं मी पयल्याच डावाले घरी पळाली असती." तिचा आवाज चढत नव्हता, कापत होता. "तू म्हटलं, मरत नाईत, थांबतात. नाई थांबले."

घरातल्या बाया दाराशी आल्या. तबस्सुमबाईनं त्यांना हातानंच आत जायला सांगितलं. ती कलाबाईपुढं येऊन जमिनीवर बसली.

"डॉक्टर काय म्हणले?"

"अचानक येते म्हणे. सकाळी आणली असती तरी सांगता येत नाई म्हणे."

"मले तेवढंही माहीत नाई बाई. मी नाटकवाली. दादाजीनं मले दिलं, मी तुमाले दिलं. चुकीचं दिलं असन तं माह्या माथ्यावर घ्या."

ती हात जोडत नव्हती, रडतही नव्हती. नुसती बसली होती. कलाबाईला वाटलं होतं की ती भांडेल, सफाई देईल. तसं काहीच झालं नाही. कलाबाई म्हणाली,

"तुही नक्कल करे ती. पदर असा डोळ्याले लावून. तिचा बाप हासे." ती थांबली. "मोहाले आली माह्यासंग. पंधरा दिवस. सुया टोचायचं शिकते म्हणे. किती बोले. मले माहीतच नव्हतं एवढं बोलते ती."

मग तिला रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, मातीला आलं नव्हतं. तबस्सुमबाईनं तिला धरलं नाही. फक्त तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसून राहिली. मंडपातून पेटीवाल्याचे सूर यायला लागले तेव्हा आतून कोणीतरी रंगाला बसायला हाक मारली. तबस्सुमबाईनं येते म्हणून सांगितलं आणि उठली नाही. शेवटी कलाबाईच उठली.

"रूही कशी आहे?" तिनं विचारलं.

"बरी आहे. आज फोन नाई आला अजून."

"लावून पाहा," कलाबाई म्हणाली आणि निघाली.

दिवस कलला होता. जंगलाच्या मध्यावर, जिथं वाट नाल्याकडे उतरते, तिथं तिला कोलू दिसला. खांद्यावर कुऱ्हाड, पायात चपला नाहीत. उभ्या जन्मात तो कोणाला शोधायला घराबाहेर पडला नव्हता. जे व्हायचं ते घरी येऊन त्याला सांगितलं जायचं.

"इथी कसे?" तिनं विचारलं.

"तू दिसली नाई. सांदवाडी पाह्यली, विहीर पाह्यली." तो दम खात होता. "विहिरीत वाकून पाह्यलं मी."

दोघं चालायला लागले, तो पुढं, ती मागं. थोड्या वेळानं तो पुढं पाहतच म्हणाला,

"नीलाबाईचा निरोप आहे. उद्या कापणी लावते. दोघंही या म्हणे."

"जाऊ."

पुन्हा काही पावलं गेली.

"मले भेव वाटते," कोलू म्हणाला.

"कायचं?"

"लय आहेत." त्यानं कुऱ्हाड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तू खात नाई. बोलत नाई. एक दिवस सकाळी उठीन अन् तू नसशीन. ही एक. पोरीचं तोंड मले आताच धड आठवत नाई, पाठीवर नेलं तेवढंच वजन आठवते. ही दुसरी. अन् ते रक्त माह्याकडूनही गेलं न पोरायले. डॉक्टरनं सांगितलं तवापासून कोणाले म्हटलं नाई मी."

तो बोलत राहिला. चोवीस वर्षांच्या संसारात एवढं तो एका दमात बोलला नव्हता. नाला ओलांडला, बांध्या लागल्या, पिवळं धान दोन्ही अंगाला उभं होतं. गावातल्या चुलींचा धूर दिसायला लागला तसा कोलू गप्प झाला आणि भराभर चालायला लागला.

"थांबा," कलाबाई म्हणाली. ती धुऱ्यावर खाली बसली आणि बाजूची जागा तिनं हातानं साफ केली. "तुमचं पुरं झालं नाई. बसा. सांगा."